आत्याच्या फोनातलं व्होल्टेज

सकाळी सव्वासातला वाजणारा फोन एक तर वाईट बातमीचा असतो, नाही तर रोह्याच्या आत्याचा. परवा तो आत्याचा होता, आणि आवाजावरून बातमीही काही बरी दिसत नव्हती.

"अरे, माझ्या फोनात व्होल्टेज आलंय."

मी पेणला राहतो. आत्या रोहा तालुक्यात. कुंडलिका ओलांडून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव. आमच्यातलं अंतर चाळीसेक किलोमीटरचं. पण फोनच्या हिशेबात ते किती, हे लाइट आहे की गेली आणि हायवेवर आज जेसीबी कुठे खणतोय यावर ठरतं. आत्या जुनी सातवी पास आहे. इंग्रजी अक्षरं तिला सुटी सुटी ओळखता येतात. नातवाने नवा फोन दिल्यापासून वरच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक लिहून येतं, ते तिने चष्मा लावून वाचलं. व्ही, ओ, एल, टी. पुढचं शेपूट तिचं तिने जोडून घेतलं.

"मग मी आपल्या लाइनमनला दाखवला," आत्या म्हणाली. "खांबावरून उतरून आला बिचारा. उलटासुलटा करून बघितलान आणि म्हणतो, काकू, हे आमच्यात येत नाही. पण ओल्या हाताने धरू नका."

"आत्या, ते व्होल्टेज नाही. व्होल्टे आहे."

"म्हणजे काय?"

इथे माझी दांडी उडाली. माझ्याही फोनवर ती अक्षरं कित्येक वर्षं आहेत. रोज दिसतात म्हणून ती ओळखीची वाटत होती. नाक्यावरच्या एखाद्या माणसाला आपण वीस वर्षं हात करतो आणि त्याचं नाव माहीत नसतं, तसं. "म्हणजे... चांगलं असतं ते," मी म्हणालो.

"चांगलं असतं तर लिहून कशाला दाखवतायत? पाटी धोक्याचीच लावतात."

मी म्हटलं, विचारून सांगतो.

विचारायला गेलो पेणच्या बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात. या दुकानात पूर्वी गणपतीचे रंग मिळायचे. काउंटरच्या एका कोपऱ्यात सोनेरी रंगाचा डाग अजून आहे, आणि टफन ग्लास बसवताना तो मुलगा नेमका तिथेच हात पुसतो. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. "काका, व्होल्टे म्हणजे एचडी कॉलिंग."

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज क्लिअर."

"ते झालं. पण या अक्षरांचा अर्थ काय?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी दुकानात येऊन अत्तर मागितलं होतं. "अर्थ कशाला पाहिजे, काका? सेटिंगमध्ये ऑन पाहिजे."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी गरज नसताना एक चार्जिंगची वायर घेतली. पण आत्याला ते सांगून भागलं नसतं. घरी येऊन मी शब्द फोडायला बसलो. व्होल्टे म्हणजे 'व्हॉइस ओव्हर एलटीई'. बरं, एलटीई म्हणजे? 'लाँग टर्म इव्होल्यूशन'. दीर्घकालीन उत्क्रांती! नारळ फोडला की आत खोबरं मिळतं. हे शब्द फोडले की आत आणखी एक करवंटी निघते. माशाला पाय फुटून तो खाडीतून बाहेर आला, त्याचं माकड झालं आणि माकडाने रिचार्ज मारला, एवढी मोठी गोष्ट कंपनी फोनच्या कोपऱ्यात तीन अक्षरांत लिहिते. कोणाला कळणार?

मग मी अक्षरं सोडली आणि ती वस्तू करते काय ते पाहिलं, तेव्हा जरा उजेड पडला. जुन्या पद्धतीत तुम्ही फोन लावला की तुमच्यासाठी एक अख्खी वाट अडवून ठेवत. तुम्ही बोला, नाही तर गप्प बसून खाकरत राहा. बोलणं संपेपर्यंत ती वाट तुमची. फोर-जीचं जाळं मुळात बोलण्यासाठी विणलेलंच नव्हतं, माहितीचे तुकडे वाहून न्यायला विणलेलं. त्यामुळे सुरुवातीला फोर-जीच्या फोनवर कॉल आला की फोन गुपचूप खाली उतरून टू-जी किंवा थ्री-जीवर जायचा, बोलणं झालं की परत वर चढायचा. व्होल्टेने ती चढउतार थांबवली. आता तुमच्या आवाजाचेच बारीक तुकडे करतात, दुसऱ्यांच्या तुकड्यांबरोबर जागा मिळेल तसे पाठवतात आणि पलीकडे ओळीने जोडतात.

आत्याला हे सांगायला मला रायगड जिल्ह्यातला प्रत्येक माणूस ज्यात एकदा तरी अर्ध्या मांडीवर बसला आहे ते वाहन आठवलं. "आत्या, पूर्वी तुझं बोलणं स्पेशल रिक्षाने यायचं. आता मिनिडोरने येतं."

"म्हणजे कोंबून?"

"कोंबून. पण लवकर सुटतं."

"आणि दुसऱ्याचं बोलणं माझ्या बोलण्याला लागतं?"

"लागतं, पण मिसळत नाही. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो."

"मिनिडोरवाला उतरताना विचारतो तसं," ती म्हणाली, आणि विषय मिटला. दूरसंचारशास्त्रातला एक अवघड धडा आत्याने सव्वा मिनिटात खाल्ला. मला वायरीचे दीडशे रुपये पडले.

त्या दिवसापासून मला या शब्दांचा नाद लागला. ज्यांनी हे शब्द केले त्यांनीही अर्थाची फारशी पर्वा केलेली दिसत नाही. वायफायचंच घ्या. लोक समजतात, ही कसल्यातरी भारदस्त शब्दांची आद्याक्षरं असतील. तसं काही नाही. १९९९ मध्ये इंटरब्रँड नावाच्या नावं पाडणाऱ्या कंपनीकडून ते करून घेतलं. जुन्या 'हायफाय'शी यमक जुळलं, एवढीच त्याची पूर्वपीठिका. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते आणि पैसे न घेता ठेवते, शिवाय त्या नावाला अर्थ असतो.

ब्लूटूथची गोष्ट याहून भारी. दहाव्या शतकात डेन्मार्कला हॅराल्ड नावाचा राजा होता, त्याला 'निळदात्या' म्हणत. त्याने विखुरलेले डेन लोक एका छत्राखाली आणले आणि नॉर्वेवरही हुकूमत बसवली. १९९७ मध्ये इंटेलमधल्या जिम कार्डाखने सुचवलं की वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या या तंत्राला तूर्त त्या राजाचं नाव देऊ, चांगलं नाव मागाहून बघू. मागाहून बघायचं राहून गेलं. फोनवर जे काटेरी चिन्ह दिसतं ती त्या राजाच्या नावाची जुन्या रून लिपीतली दोन आद्याक्षरं आहेत, एकात एक घातलेली. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाला आमच्या पट्ट्यात २०११ मध्ये सुरुवात झाली. तेव्हा लागलेल्या 'पर्यायी मार्ग' या पाट्या बघत ज्यांची मुलं बारावी झाली, त्यांना तूर्त दिलेलं नाव कायम झाल्याचं नवल सांगू नये.

तर अर्थाविना शब्द वापरणं आमच्याकडे मोबाइलबरोबर आलेलं नाही. माझ्या लहानपणी आमच्या अख्ख्या आळीत फोन एकच, समोरच्या डॉक्टरांकडे. नातेवाइकांच्या डायरीत आमच्या नावापुढे त्यांचा नंबर आणि त्यापुढे दोन अक्षरं: पी. पी. लग्नपत्रिकेवर पी. पी., दुकानाच्या पावतीवर पी. पी. त्याचा विस्तार कोणी 'पर्टिक्युलर पर्सन' सांगे, कोणी आणखी काही. वडील म्हणत, 'परक्याची पडवी'. विस्ताराबद्दल एकमत नव्हतं, पण अर्थाबद्दल आळीत कधी भांडण झालं नाही. या नंबरावर फोन केला तर फार वेळ बोलू नये, रात्री नवाच्या पुढे करू नये, आणि डॉक्टरीणबाईंच्या तब्येतीची आधी चौकशी करावी, हे सगळं त्या दोन अक्षरांत होतं. एवढा अर्थ हल्लीच्या नियम व अटींच्या चाळीस पानांत नसतो.

मग पिवळे एसटीडीचे बूथ आले. रात्र चढेल तसे दर उतरत, त्यामुळे पेणमधले बरेचसे जिव्हाळ्याचे संवाद जेवणं उरकल्यावर होत. पेणचा कोड ०२१४३, रोह्याचा ०२१९४. हे आकडे आमच्या पिढीला अजून पाढ्यांसारखे पाठ आहेत, आणि बायकोचा मोबाइल नंबर मात्र फोनमध्ये बघून सांगावा लागतो.

देशातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळात बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत आणि आलेला फोन उचलायचेही पैसे. दुसऱ्याने आपल्याला हाक मारली म्हणून आपण दंड भरायचा, हा न्याय २००३ पर्यंत टिकला. आमच्याकडे या दंडातूनच एका स्वतंत्र भाषेचा जन्म झाला. तिचं नाव मिस कॉल. कोणी शोधली कोणास ठाऊक. मूळव्याधीच्या औषधासारखी ती एकमेकांकडून एकमेकांकडे गेली. आमच्या घरात तिचं व्याकरण आत्याने ठरवलं. एक रिंग: सुखरूप पोचले. दोन रिंगा: तू फोन कर, माझ्याकडे बॅलन्स नाही. तीन रिंगा फक्त थंडीत: वालाच्या शेंगा आल्या, पोपटी लावतोय, निघ. एक पैसा खर्च न करता पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला पसरला की नाही इथपर्यंतची बातमी पेणला पोचायची. एसएमएसला हे जमलं नाही. त्याच्या एका निरोपात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची ७०. त्यातही काना, वेलांटी आणि जोडाक्षराचा पाय वेगळा मोजतात. 'ज्ञानेश्वर' लिहिलं की डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, कंपनी दहा धरते. कोकणातल्या माणसाने सत्तरात नमस्कार करावा की निरोप सांगावा?

रोमिंग हे असंच एक प्रकरण. मोबाइलच्या परवान्यांसाठी देशाचे जे तुकडे पाडले त्यात मुंबई आणि नवी मुंबईचं एक सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसऱ्या सर्कलमध्ये. पनवेल मुंबईकडे गेलं, पेण महाराष्ट्राकडे. परिणाम असा झाला की पेणच्या माणसाला साडेचारशे किलोमीटरहून लांबची पणजी घरातली, आणि भाजी आणायला जावं इतक्या अंतरावरचं पनवेल परमुलूख. माझा मुंबईचा मामा गणपतीला येताना खारपाड्याचा पूल जवळ आला की फोनला हात लावायचा नाही. पाताळगंगेवर पैसे टाकायला म्हणून लोक खिडकीबाहेर हात काढत. मामा मात्र फोन बंद करून नदीला नमस्कार करायचा. पलीकडे फोनवर 'आर' उमटायचा. मामाच्या मते तो 'रक्कम'चा आर.

वास्तविक रोमिंग या शब्दाचा अर्थ नुसता हिंडणं. हिंडण्यात पेण तालुक्याचा हात धरणारा कोणी नाही. आमच्या गागोद्याला १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा १९५१ पासून तेरा वर्षांहून अधिक काळ भूदानासाठी देशभर पायी फिरले. त्यांचं कव्हरेज कुठे तुटलं नाही आणि सर्कलही कुठे आडवं आलं नाही.

मोबाइलला आपण सरकारी मराठीत भ्रमणध्वनी म्हणतो. या शब्दाला पुण्या-मुंबईकडे हसतात. मी पूर्वी हसायचो. पण आत्याच्या गावी गेल्यावर कळलं की इतका काटेकोर शब्द दुसरा नाही. तिथे बसून ध्वनी येतच नाही, भ्रमण करावं लागतं. ओटीवर नुसती घरघर, मागच्या दारी एक काडी, विहिरीच्या कठड्यापाशी दोन, आणि कठड्यावर चढून अवचितगडाकडे तोंड केलं की तीन. पावसाळ्यात शेवाळ असतं म्हणून दोनांवर भागवायचं. 'अवचित' हे नाव त्या गडाला ज्याने दिलं, त्याच्याकडे नक्की कुठल्यातरी कंपनीचं कार्ड असणार.

या काड्यांनाही कायदा नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे ज्या त्या फोन बनवणाऱ्याने आपल्या मनाने ठरवलेलं असतं. एकाच विहिरीवर एकाच कंपनीची दोन कार्डं घालून उभे राहा. एक फोन दोन काड्या दाखवील, दुसरा चार, आणि लागणार दोन्ही नाहीत. खरं माप फोनच्या पोटात असतं, डीबीएम नावाचं, आणि ते उण्यात असतं. भाच्याने मला ते बघायचं अ‍ॅप टाकून दिलं. उणे साठ म्हणजे उत्तम, उणे नव्वद म्हणजे चालतंय, उणे एकशे दहाच्या पुढे देवाचं नाव. जितकं कर्ज कमी तितका माणूस सुखी, असं धरलं की पाठ होतं. पण ही उणी भली फसवी. दहाने आकडा घसरला की ताकद दहापट कमी होते. उणे नव्वदला फोनपर्यंत जी शक्ती पोचते ती एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग असते. एवढ्या कणीवर तो आत्याचं बोलणं ऐकून घेतो, समजून घेतो आणि मला सांगतो. आमच्या घरात समोर बसून सांगितलेलं एवढं पोचत नाही.

ते अ‍ॅप उघडून मी एकदा पेणहून रोह्याला गाडीने गेलो. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा; स्टेशनं एवढीच, पण प्रवास पाचव्या पिढीतून दुसऱ्या पिढीत. पेणच्या बाजूला मिठागरं आणि खारजमीन, सगळं ताटासारखं सपाट. लहरींना आडवं यायला बगळ्याशिवाय कोणी नाही. फाइव्ह-जी. कासूपर्यंत फोर-जी, एक मुलगी डब्यात रील बघत होती. नागोठणं सुटलं, डोंगर जवळ आले, आणि फोनवर आला 'एच'. हा थ्री-जीचा सुधारून वाढवलेला भाऊ. रील गोल गोल फिरायला लागलं. मग एका वळणावर 'ई' आला, म्हणजे 'एज', टू-जीच्या काळातली इंटरनेटची बैलगाडी. त्या मुलीने स्क्रीन बघितला आणि नाक मुरडून म्हणाली, "ई!" तिने वाचून दाखवलं की मत दिलं, मला कळलं नाही. 'जी'चा अर्थ पिढी. एका तासात मी आणि ती पणतूवरून पणज्यापर्यंत आलो, आणि पणज्याची भेट झाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता.

गाडी धावत असताना बोलणं तुटत नाही ही खरं तर नवलाची गोष्ट आहे. प्रत्येक टॉवरचा एक मुलूख असतो, त्याला सेल म्हणतात; कागदावर ते मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनी काढतात. रोह्याच्या डोंगरात तो षटकोन आत्याच्या पहिल्या आंबोळीसारखा होतो, हा भाग वेगळा. एका मुलखातून दुसऱ्यात शिरताना पहिला टॉवर आपल्याला दुसऱ्याच्या हवाली करतो. याला हँडओव्हर म्हणतात, आणि त्याचे दोन प्रकार आहेत: आधी नवा हात धरून मग जुना सोडायचा, किंवा आधी जुना सोडून झटकन नवा धरायचा. हे मी पुस्तकात तीनदा वाचलं आणि तीनदा विसरलो. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याला धावीर महाराजांची पालखी बघत उभा होतो. पोलिसांची सशस्त्र सलामी झाली, पालखी निघाली. गर्दीतून एक जण पुढे आला, दांडीखाली खांदा घातला, आणि मग आधीचा बाहेर पडला. पालखी तसूभर हलली नाही. हा पहिला प्रकार. जुन्या सीडीएमए आणि थ्री-जीत हा चालायचा. दुसरा प्रकार टू-जीचा आणि फोर-जीचाही, फक्त फोर-जीत ते इतक्या चपळाईने होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. पालखीवर मात्र तो करून बघू नये.

फोन आपल्याला शोधून कसा काढतो, हे तर कोतवालाचंच काम. आपला फोन खिशात पडल्या पडल्या अधूनमधून 'मी या भागात आहे' अशी हजेरी लावत असतो. नेमका कुठे, हे जाळ्याला माहीत नसतं. आपल्याला कॉल आला की त्या भागातले सगळे टॉवर एकदम दवंडी पिटतात: अमुक नंबर आहे का हो? फोन ओ देतो. दवंडीला ओ मिळाली नाही की ती बाई सांगते, ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आत्याला ही बाई मुळीच आवडत नाही. "मी इथे घरात भात निवडत होते. बाहेर कुठे गेलेली? तिला सांगायला काय होतं?"

पावसात रेंज जाते याबद्दल आमच्याकडे दुमत नाही. पुस्तक मात्र म्हणतं की फोन आणि टॉवर यांच्यामधल्या लहरींना पाऊस फारसा बाधत नाही. दोन्ही खरं. पाऊस गाठतो ते टॉवर आणि टॉवर यांच्यामधल्या दुव्याला. टॉवरवर ढोलासारखी जी वाटोळी तबकं दिसतात, त्यांच्या लहरी फार वरच्या पट्टीतल्या असतात आणि मुसळधार पावसात त्या थेंबांनीच शोषल्या जातात. त्यातून वाचलात तर लाइट जाते. मग टॉवर बॅटरीवर, मग डिझेलवर, मग रामभरोसे. केबल जमिनीखालून असेल तर जेसीबी आहेच. म्हणजे पावसात रेंज जाते हे आत्याचं म्हणणं बरोबर आणि पुस्तकाचंही. फक्त पुस्तक रोह्याला राहत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा काड्यांचा हिशेबच संपला. खांब आडवे, टॉवर मुके. लाखाची वस्तू असो की हजाराची, सगळ्यांचे फोन नुसत्या विजेऱ्या झाले. आत्याचा निरोप मला तिसऱ्या दिवशी मिळाला, मोटारसायकलवरून आलेल्या एका दूधवाल्याच्या तोंडून: कौलं गेली, माणसं आहेत, फणस पडला. एकवीस वर्षांचा तो मुलगा तेवढे तीन तुकडे ओळीने जोडून सांगून गेला. त्यावर मला बराच वेळ विनोद सुचला नाही.

गणपतीच्या आधी पेणला याची उलट तऱ्हा. काड्या पाचच्या पाच आणि फोन लागत नाही. २०२३ मध्ये पेणच्या मूर्तींना भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्या दिवसांत हमरापूर-जोह्याकडे माणसं आणि टेंपो यांची रीघ असते. काड्या म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा येतो, एवढंच. त्याच्यासमोर रांग किती आहे ते काड्या सांगत नाहीत. देऊळ लांबून स्वच्छ दिसतं म्हणून दर्शन लगेच होत नाही.

रिचार्जबद्दल मी फार बोलत नाही, रक्तदाब आहे. फक्त अठ्ठावीस दिवसांचं सांगतो. कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाचे महिने तेरा. आपल्या पंचांगात अधिक महिना सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एकदा येतो आणि त्यात जावयाला अनारसे द्यायची चाल आहे. कंपनीचा अधिक दरवर्षी येतो आणि अनारसे आपणच द्यायचे. या तेराव्यावर इतकी ओरड झाली की २०२२ मध्ये नियामकाने तीस दिवसांचीही एक तरी योजना ठेवा असा आदेश काढला. आत्याला मी म्हटलं, तुझा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करूया. तिने विचारलं, "धरमतरला?" बंदर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे तेच.

आता आत्याला या सगळ्याची माहिती झाली आहे. रिचार्ज मारला की कॉल फुकट, म्हणजे मिस कॉलची गरज राहिलेली नाही. पण तिने आपलं व्याकरण बदललेलं नाही. पोचल्यावर एक, काम असलं की दोन. मीही उचलत नाही, मोजतो. यात एक तांत्रिक गोम आहे, ती मला अलीकडे कळली: फोन लावणाऱ्याला कानात जी घंटा ऐकू येते ती पलीकडच्या फोनची नसतेच. ती त्याला ऐकवण्यासाठी जाळ्याने वाजवलेली निराळी घंटा असते; दोन्ही एका तालात असतील असं नाही. म्हणजे इतकी वर्षं आत्या तिच्या मोजत होती आणि मी माझ्या, आणि तरी पोपटी कधी चुकली नव्हती.

गेल्या जानेवारीत एका शनिवारी दुपारी फोन वाजला. आत्या. एक. दोन. तीन. मी पिशवी काढायला उठलो. चौथी वाजली.

चारचा अर्थ आमच्या कोशात नाही. मी घाबरून उचलला. "आत्या, काय झालं? सगळं ठीक ना?"

"उचललास कशाला?" आत्या ओरडली. "तीनच दिल्या होत्या मी. हा तुझा मिनिडोरवाला, थांब म्हटलं तरी एक स्टॉप पुढे जातो."

"मग पोपटी आहे ना?"

"आहे की. पण आता उचललासच आहेस तर येताना ओवा आण पावशेर. आणि बोल पटपट, मी कठड्यावर उभी आहे."